दादाची रात्रीची गोळी नेमकी कुठे राहते, ते आधी शोधा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या गावातून तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन वर्षांपूर्वी मोठ्या भावाचं किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी आईने दिली. पहिलं वर्ष छान गेलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) १.१-१.२ च्या आसपास राहायचं. आता दादा पूर्णपणे शेतीला लागलाय, अंगाने भरलाय, कोणाला सांगितलं तरी पटणार नाही की हा माणूस कधी डायलिसिसवर होता. पण वहिनींच्या लक्षात आलं की रात्रीच्या गोळ्या पाकिटात उरतात. नागपूरची तपासणी दोन वेळा टळली. आणि आता यवतमाळला रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.६. तुम्ही विचारताय, त्याला शिस्त कशी लावायची, आई तर सांगून सांगून थकली. आणि शेवटी हळूच आणखी एक विचारलंय: इतका ठणठणीत आहे, तर गोळ्या कमी नाही का करता येणार?

मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका रुग्णालयात आधी डायलिसिसची नर्स होते, आता बरीच वर्षं प्रत्यारोपण समन्वयक आहे. म्हणजे ऑपरेशनच्या आधी कागदपत्रं आणि नंतर फोन, लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण), गोळ्या, तारखा हे सगळं माझ्याकडे. डोस किती हवा, औषध बदलायचं का, हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टरच सांगतील. पण गोळ्या का सुटतात आणि परत कशा लागतात, ते माझं रोजचं काम आहे, म्हणून लांबलचक लिहिते.

आधी तातडीचं. १.६ हा आकडा हातपाय गाळण्याचा नाही, पण पुढच्या महिन्याच्या तारखेपर्यंत वाट पाहण्याचाही नाही. या आठवड्यातच प्रत्यारोपण केंद्राला फोन करा आणि 'गोळ्या चुकत होत्या' हे स्पष्ट शब्दांत सांगा. ते लपवलं तर डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत बसतात. क्रिएटिनिन वाढायला कारणं अनेक असतात. रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, असू शकतं, उन्हातान्हात पाणी कमी पडलेलं असू शकतं, लघवीचा संसर्ग, लघवीच्या वाटेत अडथळा, बीके नावाचा विषाणू, यातलं काहीही. आणि टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं मुख्य औषध, रक्तात जास्त झालं तरीसुद्धा क्रिएटिनिन वाढतं. म्हणून 'राहिलेल्या गोळ्या भरून काढतो' असं म्हणत दादाने आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही. रक्त, लघवी, टॅक्रोलिमसची लेव्हल, सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी, हा क्रम डॉक्टर ठरवतील. रिजेक्शन लवकर सापडलं तर स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी बरेचदा आवरतं. उशिरा सापडलं की किडनीवर जे वण पडतात ते कायमचे.

आता तुमचा खरा प्रश्न. मला तो शिस्तीचा वाटत नाही. ज्या माणसाने महिनोन्महिने आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची एसटी पकडून डायलिसिस केलं, पाणी मोजून प्यायलं, त्याला शिस्त नाही असं मी तरी म्हणणार नाही. अडाणीपणाचाही नाही. २००४ साली किडनी प्रत्यारोपणावरचे बरेच अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यातले बहुतेक रुग्ण अमेरिका-युरोपातले. गोळ्या नीट न घेणाऱ्यांमध्ये किडनी निकामी होण्याची शक्यता सुमारे सातपट निघाली. गमावलेल्या किडन्यांपैकी साधारण एक तृतीयांश किडन्यांच्या मागे आधी सुटलेल्या गोळ्या होत्या. २००७ साली सगळ्याच अवयवांचे अभ्यास तपासणारं दुसरं विश्लेषण आलं, त्यात गोळ्या चुकवण्याचं प्रमाण हृदय किंवा यकृत बदललेल्यांपेक्षा किडनीवाल्यांत जास्त दिसलं. माझा अंदाज असा की किडनीवाल्याच्या मनात कुठेतरी 'गेली तर डायलिसिस आहे' हे असतं. हृदयवाल्याला असा आधार नाही.

पण त्याहून मोठं कारण मी डायलिसिसच्या खोलीत पाहिलंय. तिथे रुग्णाने एक दिवस जास्त पाणी प्यायलं तर संध्याकाळी धाप लागते, पाय सुजतात. शरीरच रागावतं आणि माणूस सुधारतो. किडनी बदलल्यावर हे शरीराचं रागावणं बंद होतं. आज रात्री गोळी राहिली तर उद्या सकाळी काहीही होत नाही. ना दुखत, ना ताप, ना लघवी कमी. दुसऱ्या आठवड्यात परत राहते, तेव्हाही काही होत नाही. माणसाचं मन त्यातून साहजिकच एक निष्कर्ष काढतं: 'या गोळीवाचून चालतंय.' आत मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा त्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडं (तिच्यावर हल्ला करणारी प्रथिनं) बनवायला लागलेली असते. हे काम महिनोन्महिने गुपचूप चालतं आणि क्रिएटिनिनच्या आकड्यात दिसायला लागतं तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. सुरुवातीला दुखतच नाही, आणि या साऱ्या प्रकरणाची खरी अडचण तीच आहे.

यात भर पडते एका समजाची. गावात नेहमी ऐकते, 'आईचीच किडनी आहे, शरीर ओळखते नं तिला.' अर्धं खरं आहे. आईकडून अर्धी गुणसूत्रं आलेली असतात, म्हणून जुळणी बरी असते. उरलेली अर्धी परकीच. गोळ्यांशिवाय टिकणारी किडनी फक्त अगदी एकसारख्या जुळ्यांची. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं, ते तशाच जुळ्या भावांमध्ये होतं, आणि ही औषधं तेव्हा नव्हतीच. बाकी सगळ्यांना, मग आई असो, बहीण असो की पत्नी, किडनी आहे तोवर गोळी.

'गोळ्या कमी नाही का होणार' याचं उत्तर इथेच देऊन टाकते, कारण गैरसमज कुठून येतो तेही मला माहीत आहे. पहिल्या वर्षात ओंजळभर गोळ्या असतात. संसर्ग होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या काही महिन्यांनी डॉक्टर स्वतः बंद करतात. स्टिरॉइड हळूहळू खाली आणतात. टॅक्रोलिमसचं प्रमाणही सुरुवातीपेक्षा कमी होतं. रुग्णाला दिसतं ते एवढंच, की दर खेपेला एक गोळी सुटते आहे. मग वाटतं, राहिलेल्याही आज ना उद्या सुटतीलच. त्या सुटत नाहीत. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि बहुतेक ठिकाणी थोडं प्रेडनिसोलोन (तेच ते स्टिरॉइड), ही मुख्य औषधं कायमची. डोस कमी होऊ शकतो, पण लेव्हल पाहून आणि डॉक्टरांच्या हातून. प्रेडनिसोलोन तर एकाएकी बंद केलं तर किडनीशिवायही जिवाला धोका असतो.

आता दादाशी बोलायचं कसं. 'गोळ्या घेतोस नं?' असं विचारलं की उत्तर 'हो' येणार. इथे दवाखान्यातही तेच येतं. मी विचारते, 'मागच्या आठवड्यात कोणत्या वेळेची गोळी राहिली?' म्हणजे राहते हे मी धरूनच चालते आणि समोरच्याला खोटं बोलायची गरज उरत नाही. बहुतेक जण मग सांगतात, आणि सांगताना कारणही सांगतात. तुमच्या बाबतीत अर्धी माहिती आधीच हाती आहे: सकाळची राहत नाही, रात्रीचीच राहते. म्हणजे तो औषधाला कंटाळला असेल असं नाही. त्याच्या रात्रीत काहीतरी आहे.

आपल्या भागात हे काहीतरी बहुतेक वेळा ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणं, असतं. रब्बीत हरभरा-गहू असतो, शेतीची थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. लाइन रात्रीची असली की माणूस जेवून आठ-नऊला शेतात जातो तो पहाटेच येतो. गोळी घरी कपाटात, माणूस बांधावर. ज्या आठवड्यात लाइन दिवसाची त्या आठवड्यात गोळ्या व्यवस्थित, रात्रीची आली की राहिल्या. कॅलेंडरवर दोन्ही समोरासमोर मांडून पाहा, लगेच दिसेल. यावर उपाय सोपा आहे आणि त्यात रागवारागवी लागत नाही. टॅक्रोलिमसमध्ये दोन वेळांत बारा तासांचं अंतर हवं, घड्याळात रात्रीचे आठच वाजले पाहिजेत असं नाही. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा करता येतं, म्हणजे शेतात निघायच्या आधीच गोळी पोटात. फक्त वेळ बदलायची ती केंद्राला सांगून, आणि जेवणाशी तिचं जे नातं आधी होतं तेच ठेवून. रिकाम्या पोटी घ्यायची तर रोज रिकाम्या पोटीच. दिवसातून एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमसही मिळतं. ते दादाला चालेल का, परवडेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी आपल्या मनाने घ्यायचे नाहीत. एक दिवसाचा साठा छोट्या डबीत खिशात असावा, हेही मी सगळ्यांना सांगते. लग्नात रात्र झाली, एसटी चुकली, पुराने नाला अडवला, तरी गोळी जवळ असते.

दुसरं कारण दारू. तुमच्या भावाचं असं आहे असं मी म्हणत नाही, पण वाचणारे इतरही असतील. ज्या रात्री थोडी घेतली त्या रात्री गोळी घ्यायची नाही, असा एक पक्का समज पुरुषांत आहे. 'दारूवर गोळी नको, रिॲक्शन येईल.' त्यातून होतं असं की दारूचं नुकसान एकीकडे आणि गोळी न घेतल्याचं त्याहून मोठं नुकसान दुसरीकडे. दारू सोडावी हा सल्ला आमचा आहेच. पण जी रात्र पिऊन गेली त्या रात्रीही गोळी सोडायची नाही, हे घरात कोणीतरी न रागावता सांगायला हवं. पुरुष हे मला सांगत नाहीत, वॉर्डातल्या मामांना सांगतात. तुमच्याकडे असा कोणी मित्र असेल तर त्याला मध्ये घ्या.

तिसरं, औषधांचे त्रास. मायकोफेनोलेटने जुलाब होतात, टॅक्रोलिमसने हात थरथरतात, साखर वाढते, स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, पुळ्या येतात. शेतात दिवसातून पाच वेळा बसावं लागलं तर माणूस कोणती गोळी सोडेल हे सांगायला तज्ज्ञ नको. यातल्या बहुतेक त्रासांवर डोस विभागून, प्रकार बदलून काहीतरी मार्ग निघतो, पण डॉक्टरांना कळलं तर. हे वाचणाऱ्या एखाद्या ताईसाठी एक वेगळं सांगते. मायकोफेनोलेट सुरू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. म्हणून मूल हवं असेल तर आधी बोला, औषध बदलून, वेळ घेऊन ते शक्य असतं. गुपचूप गोळी सोडून नको.

आणि पैसा. याला मी वरच्या कारणांत मिसळत नाही, कारण घरचे लोक याबद्दल सगळ्यात शेवटी बोलतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किडनी प्रत्यारोपणासाठी आधी अडीच लाखांपर्यंत मदत होती, २०२३ मध्ये ती साडेचार लाख करायचं ठरलं. त्यातून ऑपरेशनचा मोठा भार हलका होतो. पण गोळ्या जन्मभराच्या, आणि त्यांचा महिन्याचा काही हजारांचा खर्च बऱ्याच घरांत खिशातूनच जातो. माझ्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात लेव्हल घसरलेल्या दिसतात. सोयाबीन अजून घरात आलेलं नसतं, कापूस वेचणीला यायचा असतो, बी-खतांची उधारी डोक्यावर. त्या दिवसांत तीस दिवसांच्या गोळ्या चाळीस दिवस पुरवल्या जातात. कोणी दिवसाआड घेतो, कोणी फक्त सकाळची. घरात कोणाला सांगत नाही, कारण आधीच आपल्यामुळे घर कर्जात गेलं हे त्याला माहीत असतं. दादाच्या गोळ्या नेमक्या याच महिन्यांत उरल्या असतील तर त्याच्याशी गोळ्यांबद्दल बोलू नका, हिशोबाबद्दल बोला.

त्यासाठी जे करता येतं ते असं. सरकारी रुग्णालयात पाठपुरावा असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणती औषधं तिथून मिळू शकतात, कोणती ट्रस्टकडून, हे त्यांना ठाऊक असतं. जनऔषधी केंद्रात तुमच्या चिठ्ठीतली औषधं मिळतात का ते विचारा, किमतीत फरक पडतो. पण एक अट: टॅक्रोलिमसची कंपनी बदलायची तर केंद्राला सांगून बदलायची आणि बदलल्यावर लेव्हल तपासायची. या महिन्यात एका कंपनीची, पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे जी असेल ती, असं करू नका. रक्तातलं प्रमाण खालीवर होत राहणं हेदेखील किडनीला बाधतं. औषधं आणायला दरवेळी दादानेच जायला हवं असंही नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मजुरी बुडवून दादा जाण्यापेक्षा वहिनी चिठ्ठी घेऊन गेल्या तर परवडतं, आणि माझ्या अनुभवात औषधांची नावं त्यांच्याच जास्त लक्षात राहतात.

लेव्हलच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात आपल्याकडे फार घोळ होतो. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढायची असते, आदल्या रात्रीच्या गोळीला साधारण बारा तास झालेले असताना. आता गावातला माणूस काय करतो? पहाटेची एसटी असते, वाटेत विसरायला नको म्हणून घरूनच गोळी घेऊन निघतो. अगदी प्रामाणिकपणे. दहा वाजता रक्त दिलं की लेव्हल खोटी जास्त येते. डॉक्टर डोस कमी करतात. आणि गोळ्या नीट घेणाऱ्या माणसाला खरोखरच औषध कमी पडायला लागतं! म्हणून तपासणीच्या दिवशी गोळी खिशात न्यायची, रक्त दिल्यावर लगेच घ्यायची आणि चिठ्ठीवर आदल्या गोळीची वेळ लिहायची. वेळ सहा-सहाची केली असेल तर आदल्या संध्याकाळी गोळी किती वाजता घ्यायची ते केंद्राला विचारून ठरवा. तपासणीसाठी दरवेळी नागपूरलाच गेलं पाहिजे असंही नाही. यवतमाळच्या मोठ्या लॅब जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त बाहेर पाठवून रिपोर्ट मागवतात. तो मोबाइलवर केंद्राला पाठवायचा. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, तुमच्याकडून त्याहून जास्त. दर खेपेला ती वारी करायला लावली तर तारखा टळणारच. कोणती भेट प्रत्यक्ष हवी आणि कोणती फोनवर चालेल, हे केंद्राला स्पष्ट विचारा. विचारल्यावर बहुतेक डॉक्टर सांगतात.

याच्या उलटाही प्रकार असतो. महिनाभर गोळ्या जेमतेम, आणि तपासणीच्या चार दिवस आधीपासून अगदी घड्याळ लावून. लेव्हल छान येते. डॉक्टर खूश, घरचे खूश. अशी लेव्हल आली तरी पाकिटं मोजल्याशिवाय माझा तिच्यावर विश्वास बसत नाही.

गावातल्या दवाखान्याचं एक सांगायला हवं. अंग दुखतं म्हणून दादा सुई घ्यायला गेला तर ती बहुधा डायक्लोफिनॅकची असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही दुखण्याची औषधं त्याच्या किडनीला घातक. ताप-दुखीला पॅरासिटामॉल चालतं, पण ताप शंभरच्या वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, केंद्राला फोन करायचा. पावसाळ्यात गजकर्ण, नायटा घरोघरी असतो आणि मेडिकलमधून फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सहज मिळतात. त्यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल झपाट्याने वाढते. खोकल्यासाठी दिलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनने तसंच. टीबीच्या रिफाम्पिसिनने आणि फिटच्या काही गोळ्यांनी उलट लेव्हल पडते. ही नावं पाठ करायची गरज नाही. दादाच्या खिशातल्या पाकिटात एक कार्ड ठेवा: किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस सुरू आहे, या नंबरवर विचारल्याशिवाय औषध देऊ नका. गावातले डॉक्टर वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं आणि दादा सांगत नाही. गुळवेलीचे काढे, 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णं नकोत. आपण ज्या शक्तीला महागड्या गोळ्यांनी आवर घालतोय तिलाच चेतवण्यात अर्थ नाही. आणि पपनस नको, त्याने टॅक्रोलिमस वाढू शकतं. संत्र्याचं असं नाही, पोटॅशियम ठीक असेल तर चालतं. वऱ्हाडातल्या माणसाला संत्रं बंद करायची माझी हिंमतही नाही.

डिस्चार्जच्या वेळी आम्ही जी लांबलचक यादी देतो तिच्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. मास्क, हात धुणं, उकळलेलं पाणी, कच्चं नको, गर्दी नको, गोठ्यात नको, माती नको, लोणचं नको. सगळं एकाच ठसठशीत अक्षरात. शेतकऱ्याला त्यातलं अर्धं अशक्य असतं. मग एक नियम मोडतो, दुसरा मोडतो आणि 'नाहीतरी पाळलं जातच नाही' म्हणत गोळीसुद्धा त्याच ढिगात जाते. म्हणून मी वेगळं सांगते. न मोडता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच: गोळ्या वेळेवर, लेव्हल ठरलेल्या तारखेला, ताप-जुलाब-लघवी कमी झाली की फोन, आणि बाहेरचं औषध विचारल्याशिवाय नाही. जुलाबात पाणी तर जातंच, शिवाय टॅक्रोलिमसची लेव्हलही वाढू शकते, म्हणून ते सोपं समजू नका. यानंतर पाणी: उकळलेलं, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पूर्ण. बाकीच्या गोष्टी जमतील तेवढ्या. पोळ्याला बैल सजवायचे तर सजवू द्या, नंतर साबणाने हात धुवायला लावा.

शेतीकामात दोन-तीन गोष्टी मात्र मी आवर्जून सांगते. फवारणी दादाने करू नये. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी गेले ते तुम्हाला सांगायला नको, आणि ते धडधाकट होते. कडबा-कुटाराची धूळ, कंपोस्ट उकरणं यात नाकाला रुमाल हवा, हातमोजे हवेत, बुरशीचा संसर्ग तिथूनच येऊ शकतो. आणि बदललेली किडनी पाठीत नसते, ओटीपोटात, कातडीच्या अगदी जवळ बसवलेली असते. बैलाचं शिंग, वखराचा दांडा नेमका तिथे लागला तर इजा होऊ शकते. मारकुट्या बैलाला दुसऱ्याने धरावं. गोळ्या टिनाच्या घरात छताजवळच्या फळीवर ठेवू नका, मे महिन्यात तिथे काय तापतं ते तुम्ही जाणता. घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी जागा शोधा, माठाला लागून नको. फ्रीज लागत नाही.

एखादी गोळी राहिलीच तर? साधारण नियम असा की लवकर आठवली तर लगेच घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम कधीच घेऊ नका. किती तासांपर्यंत 'लवकर' म्हणायचं ते आपल्या केंद्राकडून एकदा लिहून घ्या, कारण औषधाप्रमाणे ते बदलतं. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर फोन करा. एखाद्या चुकलेल्या गोळीने किडनी जात नाही. लपवलेल्या गोळ्यांची सवय लागली की जाते, आणि लपवायची वेळ बहुतेक घरातल्या बोलण्यामुळे येते.

म्हणून शेवटची विनंती आईबद्दल. 'मी पोट कापून दिलं अन् तू अशी माती करतो' हे वाक्य मी ओपीडीच्या बाकावर फार ऐकलंय. आईचं दुःख खरं आहे, मी तिला चूक म्हणणार नाही. पण या वाक्यानंतर मुलगा गोळ्या घ्यायला लागल्याचं मी पाहिलेलं नाही. तो उरलेल्या गोळ्या फेकून द्यायला लागतो, म्हणजे मोजायलाही काही राहत नाही. आईला हे समजावायचं काम तुम्ही करा, दादाच्या गोळ्यांची जबाबदारी तिच्याकडून काढून घ्या. ती वहिनींनाही एकटीला देऊ नका. रोज रात्री फोनवर 'झाली का रे?' एवढंच विचारणारा भाऊ पुष्कळ झाला, आणि कधी 'नाही' असं उत्तर आलं तर त्यावर भाषण नको.

आणि या वेळी नागपूरला जाताना आईलाही सोबत न्या. किडनी दिल्यानंतर त्यांची तपासणी कधी झाली, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. बहुतेक घरांत येत नाही. एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो, पण वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, साखर आणि क्रिएटिनिन पाहायला हवं. त्यांच्या गुडघेदुखीलाही डायक्लोफिनॅक नको. फाइल दादाच्या फाइलमध्ये न घालता वेगळी करा, नाहीतर ओपीडीत घाईघाईत ती कोणी उघडत नाही.